आम्ही सर्व इथेच आहोत

बुधवारची घरसभा यावेळी सोलापुरात, सात रस्त्याच्या अलीकडे एका घरी होती. गीत झालं, वचन झालं, प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या बोअरला पाणी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दाराशी, चपलांच्या कडेला बसलेला एक मुलगा उभा राहिला. बावीस-तेवीसचा, पुण्यात नोकरीला. लहानपणी नाताळच्या नाटकात दरवर्षी मेंढपाळ व्हायचा तोच. म्हणाला, ‘‘मला भीती वाटते. कशाची ते सांगता येईना झालंय. ऑफिसला जाताना बसमधून मध्येच उतरावं लागतं.’’ त्याचं वाक्य पुरतं टेकायच्या आत पुढच्या रांगेतून आवाज आला, ‘‘फिलिप्पैकरांस चार, सहा. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’’ खोलीभर आमेन झालं. तो ‘‘हो काकू’’ म्हणून खाली बसला आणि पुढची विनंती आली, कुणाच्या तरी अडकलेल्या पासपोर्टची. नंतर चहा फिरला तेव्हा त्याच्या हातातली कपबशी किणकिणायला लागली. त्यानं ती हळूच फरशीवर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. चहा तसाच निवून गेला.

तेव्हापासून ते वचन मला खुपतंय. वचनात खोट नाही. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, बक्षीस मिळवून दिलेलं वचन आहे ते. खुपतो तो त्याचा वेग. माणूस अजून उभा आहे, त्याचा श्वास अजून वरच्या वर आहे, आणि चौकातल्या पोलिसानं पावती फाडावी तसं उत्तर हातात. बरं, सांगणाऱ्या काकू वाईट आहेत का? मुळीच नाहीत. मंडळीत कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला डबा त्यांच्याकडूनच पोचतो. मग भीतीच्या बाबतीतच आपण सगळे असे घाईला का येतो?

मी राहते तिथून शहराचा पूर्व भाग सुरू होतो. रात्रभर यंत्रमागांचा खटखटाट. बाहेरगावच्या पाहुण्यांचा पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि आम्हाला त्या आवाजावाचून झोप येत नाही. लाइट गेली की माग थांबतात आणि अख्खी गल्ली शांततेनं जागी होते. काही वर्षांपूर्वी मी अशीच मध्यरात्री जागी व्हायला लागले, पण माग चालू असायचे. छातीत धडधड, डाव्या हाताला मुंग्या, तळवे ओले, घशात काहीतरी अडकून राहिलेलं. आता काहीतरी होणार, एवढंच कळायचं. काय होणार ते नाही. मिस्टर उठून पंखा पाचवर करायचे, कारण त्यांना करण्यासारखं तेवढंच होतं. एका रात्री रिक्षा करून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल आला. तिथला तरुण डॉक्टर हसून म्हणाला, ‘‘हार्ट एकदम ओके आहे मावशी. टेन्शन घेऊ नका.’’ परतताना रिक्षात हायसं वाटायला हवं होतं. मनात आलं ते वेगळंच. हार्टचं दुखणं निघालं असतं तर बरं झालं असतं. लोकांना सांगता तरी आलं असतं.

कारणं शोधायला गेलं तर ढीगभर होती. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. सोलापूर म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवण्याचा धंदाही इथं मोठा आहे. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की ऑर्डरी सुरू. कापड भिलवाड्याकडून, माल जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आत पोचलाच पाहिजे, आणि पैसे मात्र शाळांच्या सवडीनं. मधले महिने कापडवाल्याचा फोन, शिलाईवाल्या बायकांचा शनिवारचा पगार, बँकेचा हप्ता, आणि बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. या दिवसांत धडधडलं तर समजू शकते. पण माझी धडधड ऑगस्टातही गेली नाही, कारखान्यात माशा मारत बसायची वेळ होती तरी. मुलगी पुण्यात. रात्रपाळी संपवून कॅबमध्ये बसली की लोकेशन पाठवते, मी बघावं म्हणून, मला काळजी नको म्हणून. मी अंथरुणात बसून फोनवर ती इवलीशी गाडी सरकताना बघायची. गाडी सिग्नलला थांबली की माझा श्वास थांबायचा. नेटवर्क गेलं आणि गाडी एका जागी गोठली की मी तोवर पोलीस स्टेशनपर्यंत पोचलेली असायची. माझ्या आईच्या काळी पुण्याला गेलेल्या माणसाचं पोचल्याचं कार्ड आठवड्यानं यायचं. तोवर तो पोचलेलाच असायचा.

आजीचा विषय निघाला पाहिजे, कारण आमच्या घरातली भीती तिच्या बाजूनं आली असं मला वाटतं. तिची आई १८९९-१९०० च्या दुष्काळातलं लेकरू. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी तेव्हा सोलापुरात दुष्काळातली पोरकी पोरं सांभाळली, त्यांतली एक. गाव कुठलं, आईबाप कोण, काही सांगता येत नव्हतं म्हणे. ताट समोर आलं की आधी अर्धी भाकरी पदरात लपवायची, एवढंच तिच्याबद्दल घरात सांगतात. आजीनं भाकरी लपवली नाही, तिनं कणगी भरली. ज्वारी उन्हात खडखडीत वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, वरून शेणानं लिंपायचं. पुढच्या सुगीचं धान्य घरात आल्याखेरीज मागचं संपू द्यायचं नाही. १९७२ ला तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण कणगीच्या तळाची ज्वारी राखून ठेवली होती, असं ती अभिमानानं सांगायची.

आणि हीच आजी रोज संध्याकाळी डोळे मिटून म्हणायची, ‘‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’’ पाठीमागे सालाची ज्वारी. मी तिला एकदा विचारलंच, अगं, इतकी ज्वारी असताना देवाकडं एका दिवसाचीच भाकरी कशाला मागतीस? ती म्हणाली, ‘‘आजचं त्यानं बघायचं, सालाचं मी बघते.’’

संडे स्कूलच्या बाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मान्नाची गोष्ट ऐकवली असती. रानात देवानं दिलेला मान्ना ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. पण त्याच शास्त्रात योसेफही आहे. सात वर्षं मिसर देशाचं धान्य कोठारांत भरतो आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात लोकांना जगवतो, आणि त्याला कुणी अल्पविश्वासी म्हणत नाही. आजी सरळ योसेफाच्या पक्षातली. मला तिच्याबद्दल नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. झोपण्याआधी ती कणगीत हात घालायची, कोपरापर्यंत, दाणे बोटांत घोळवायची, आणि मग जाऊन गाढ झोपायची. तिच्या काळजीला माप होतं. हात घातला की कळायचं, एवढं आहे, एवढे महिने जाईल. माझ्या फोनमध्ये मी कितीही हात घातला तरी दाणा लागत नाही. कर्जाचा हप्ता, मुलीची गाडी, कुठल्या तरी देशातलं युद्ध, कुणाच्या तरी कॅन्सरचा फॉरवर्ड, आणि मंडळीच्या ग्रुपवर पहाटे पाचला उगवत्या सूर्यावर छापलेलं ‘चिंता करू नका’, वीस जणांकडून वीस वेळा. त्यातच कधीतरी ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, साखळी मोडलीत तर अरिष्ट येईल’ असंही येतं. येशूच्या नावानं धमकी पाठवणाऱ्यांना मी आता ग्रुपवर सरळ जाब विचारते. भांडणं होतात. होऊ देत.

तसं हे शहरच उद्याच्या चिंतेवर चालतं. नळाला पाणी काही दिवसांआड. आमच्याकडं कॅलेंडरवर सणांपेक्षा पाण्याच्या दिवसांवर जास्त खुणा असतात. पिंप, बादल्या, हंडे, गच्चीवरची टाकी, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. एका रविवारी उपदेश नेमका डोंगरावरच्या प्रवचनावर होता, रानातल्या फुलांकडं पाहा, ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत. सूतगिरण्यांच्या गावात हे वाक्य ऐकताना मला आधीच हसू येतं. पाळकसाहेब उद्याची चिंता उद्याला इथपर्यंत पोचले आणि बायकांच्या बाजूला फोन थरथरायला लागले. पाणी सुटलं होतं, दीड तास आधीच. पहिली रांग तेवढी बसून राहिली. मागच्या निम्म्या बायका वाकून, पदर सावरत, बायबल काखेत मारून बाहेर. मीही त्यांत होते. देवाला सोलापूर ठाऊक आहे.

तर त्या रात्री. ईसीजीनंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला मानसोपचारवाल्यांकडं धाडलं. मी जायला तयार नव्हते, कारण मनात एक हिशेब पक्का बसला होता: विश्वास असेल तर भीती नाही, भीती आहे म्हणजे विश्वास नाही. दिवसातून कितीदा तरी प्रार्थना करायची आणि प्रत्येक प्रार्थनेनंतर छातीवर हात ठेवून बघायची, गेली का धडधड. गेलेली नसायची. म्हणजे प्रार्थना पोचली नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी, म्हणजे अजून भीती. शेवटी आमच्या जुन्या, निवृत्त पाळकसाहेबांकडं गेले. ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, त्यामुळं मला माझं सगळं दुखणं ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या घरातही कळलं असेल. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘‘बाळ, एलिया आधी झोपला.’’

मला काही उमगेना. मग त्यांनी पहिले राजे, एकोणिसावा अध्याय काढायला लावला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झालेला, आकाशातून अग्नी पडलेला, आणि लगोलग ईजबेल राणीच्या एका निरोपानं हा संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. देव त्याला तिथं एक शब्दानं रागावत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, म्हणतो वाट लांबची आहे. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेबाला पोचल्यावर. तेव्हा कुठं देव विचारतो, एलिया, तू इथं काय करतोस? पाळकसाहेब म्हणाले, ‘‘आपण लोक पोचल्या पोचल्या विचारतो, इथं काय करायलास? भाकरी विसरतो.’’ मग म्हणाले, डॉक्टरकडं जा, गोळी दिली तर घे, आणि जाताना माझ्या बीपीच्या गोळ्या आण, संपल्यात.

गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मी ती पट्टी बायबलच्या चेनवाल्या कव्हरात ठेवायची, पुढच्या कप्प्यात, म्हणजे घरी कुणी विचारणार नाही. सभेत चेन उघडली की पट्टी कुरकुर वाजायची. फोनवर असे प्रचारक दिसतात, की जे स्टेजवर माणसांना गोळ्या फेकून द्यायला लावतात, टाळ्या पडतात. त्या माणसांचं पुढच्या आठवड्यात काय झालं ते कुणी दाखवत नाही. याबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही. विश्वास म्हणून जे सांगतात त्यात दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

डॉक्टरांनी श्वासाचा एक व्यायामही दिला होता. आत घ्यायचा श्वास आखूड, बाहेर सोडायचा लांब. सोडताना नाडी सावकाश होते, शरीराला कळतं की पळायचं कारण उरलेलं नाही. घरी चटईवर बसून आकडे मोजत केलं की मला आकड्यांचीच धास्ती वाटायची, हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला आणखी काय होणार. पण रविवारी उपासनेत, पेटी-ढोलकीवर गीत सुरू झालं की दुसऱ्या कडव्यापर्यंत खांदे आपोआप खाली यायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आपल्या मंडळ्यांना ओवी-अभंगाच्या चालीवर म्हणता येतील अशी भजनं दिली, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या चालींत ओळ अशी लांबते की शेवटच्या अक्षरावर श्वास पुरता रिकामा होतो, मग टाळ, मग नवा श्वास. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग गा की, मी कुठं नको म्हणतोय. आता कारखान्यात बिलं टाइप करताना मी पुटपुटत असते. शिलाईवाल्या बायकांतल्या एकीला माझी भजनं पाठ झालीत. ती पद्मशाली, तेलुगू बोलणारी, गुरुवारी उपास करणारी. ती मधली ओळ चुकवते आणि मी दुरुस्त करत नाही.

बुधवारच्या सभेनंतर मी फिलिप्पैकरांस पत्र पहिल्यापासून वाचून काढलं. चार अध्याय, अर्ध्या तासाचं काम. ज्यानं ‘चिंताक्रांत होऊ नका’ लिहिलं तो पौल स्वतः तुरुंगात आहे. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, त्याला तुमच्याकडं धाडतो आहे, म्हणजे माझं दुःख हलकं होईल. करिंथकरांना लिहिताना तर कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज मला ग्रासते. म्हणजे हा आपल्यातलाच. आणि पत्र कुणाला जातंय? फिलिप्पैची मंडळी सुरू झाली ती लुदियाच्या भोवती, आणि लुदिया जांभळं कापड विकणारी बाई. पौल स्वतः तंबू शिवणारा. कापडवाल्यांनी कापडवाल्यांना लिहिलेलं पत्र. उधारी, माल, हंगाम, सगळं ठाऊक असलेल्या लोकांमधलं.

मग प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. त्याच फिलिप्पैत पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलंय, पाय खोड्यात. मध्यरात्री ते प्रार्थना करतायत, गीतं गातायत, बाकीचे कैदी ऐकतायत. भूकंप होतो, दारं उघडतात. तुरुंगाचा नायक झोपेतून दचकून उठतो, दारं सताड बघतो आणि तलवार उपसतो, स्वतःलाच मारायला, कारण कैदी पळाले असं त्याला वाटतं. घडलेलं काहीच नाही, सगळं त्याच्या मनात घडून गेलंय. माझी गोठलेली कॅब आणि त्याची उघडी दारं, जात एकच. आणि पौल त्याला काय म्हणतो? चिंता करू नकोस म्हणत नाही, विश्वास ठेव म्हणत नाही. ते पुढं येतं, त्यानं विचारल्यावर. अंधारातून मोठ्यानं ओरडतो ते एवढंच: स्वतःला काही अपाय करू नकोस, आम्ही सर्व जण येथेच आहोत.

पळून जायची सोय असताना थांबलेली माणसं आहेत ही.

चिंताक्रांत होऊ नका हे पुढं कधीतरी पत्रातून आलं, तेव्हा तो नायक त्या मंडळीत बसून ऐकत असेल असं मला वाटतं. त्याला ते वाक्य टोचलं नसणार. त्याला ते म्हणणारा माणूस त्या रात्री दार उघडं असून थांबला होता. हे थांबणं आधी घडलेलं नसलं तर ते वचन नुसता हुकूम होतं, आणि हुकमानं कुणाची धडधड थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या मुलाला मी फोन केला. आम्ही विजापूर रोडला कंबर तलावाच्या कडेला बसलो, भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. पहिला अर्धा तास तो क्रिकेटबद्दलच बोलला. मग बसचं बोलला, कंपनीचं, रूमवरच्या पोरांना कळू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून बसण्याचं. मी माझ्या बायबलच्या कव्हरातल्या पट्टीचं सांगितलं. तो एकदम मोठ्यानं हसला. पुण्यातल्या एका डॉक्टरांची वेळ त्यानं तिथंच फोनवर घेतली. तोवर रात्री-अपरात्री लागलं तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या फोनमध्ये मी घातला. फुकट आहे, मराठीत बोलतात. वचन मी एकही सांगितलं नाही. उठताना त्यानंच विचारलं, ‘‘काकू, प्रार्थना करायची का?’’ केली. शेंगांची टरफलं मांडीवर तशीच होती.

माझं म्हणाल तर भीती पुरती गेलेली नाही. गोळीचा डोस कमी झालाय. रात्री नऊनंतर माझा फोन मिस्टरांकडं असतो आणि कॅब तेच बघतात. तेही बघता बघता झोपतात, असा माझा संशय आहे. कधी जाग आलीच तर मी उद्याची यादी देवाला वाचून दाखवते, कापडवाल्याच्या बाकीसकट, आकड्यांसकट, आणि मग आजीसारखी एका दिवसाचीच भाकरी मागते. काही रात्री तेवढ्यानं भागतं. काही रात्री नाही भागत, मग मी उठून स्वयंपाकघरात बसते, आणि मिस्टर येऊन न बोलता समोर बसतात.

सध्या माझं नव्या पाळकसाहेबांशी एका गोष्टीवरून चाललंय. मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र एकदा उपासनेत वाचायचंय. सगळ्या स्तोत्रांत इतकं काळवंडलेलं दुसरं नसेल. रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस, माझे मित्र आणि सोबती तू माझ्यापासून दूर नेलेस, आणि संपतं ते अंधारावरच. शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ नाही, पहाट नाही. तरीही कुणीतरी ते शास्त्रात ठेवलं, आणि मथळ्यात लिहिलंय की ते गायचं आहे. पाळकसाहेब म्हणतात, लोक खचतील, वाचायचंच तर लगेच पाठोपाठ तेविसावं घेऊ. मी म्हणते, पाठोपाठ नको. एक रविवार तरी ते तसंच राहू द्या, आणि नंतर चहाला सगळे थांबू. कुणीतरी त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेलं असेल. ते अजून हो म्हणालेले नाहीत. पुढच्या महिन्यातला कुठला तरी रविवार बघू म्हणाले. मी म्हटलं, कुठलाही चालेल, फक्त पाण्याचा दिवस नको.